मदत हवी आहे : शाळेत कावीळ, टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती आणि कशी घालायची?

शाव्यस_सदस्य :
जिल्हा परिषदेची सातवीपर्यंतची शाळा. पाचवी-सहावीतल्या चार मुलांना कावीळ झाली आहे, डॉक्टरांनी ‘ए’ प्रकारची सांगितली. गच्चीवर २००० लिटरची टाकी, पाणी ग्रामपंचायतीचे. टीसीएल मूठभर टाकतात. वास येतो म्हणून मुले पाणी पीत नाहीत. पावडर किती घालावी? आजारी मुलांना वर्गात कधी बसू द्यावे? शाळा बंद ठेवावी का?

पाणीपुरवठा :
दादा, आधी टाकी धुवा, मग रोजच्या मात्रेचे बघू. शनिवारी शाळा सुटली की टाकी रिकामी करून तळाचा गाळ आणि भिंतींचा बुळबुळीत थर ब्रशने काढा. पुन्हा भरताना ३०० ग्रॅम पावडर जाऊ द्या. ही मात्रा ३३ टक्के क्लोरीन असलेल्या ताज्या पावडरीची. पोते फोडून बरेच दिवस झाले असतील तर ४०० ग्रॅम धरा, कारण ऊन आणि दमट हवेने क्लोरीन उडून जातो आणि उरतो नुसता चुना. प्रत्येक नळ वास येईपर्यंत सोडून बंद करा. २४ तास तसेच ठेवा, नळांवर ‘पिऊ नये’ लिहा. नंतर सगळे पाणी सोडून टाकी एकदा साध्या पाण्याने धुवा.

रोजची मात्रा १००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे तुमच्या भरलेल्या टाकीला १० ग्रॅम. किराणा दुकानाच्या काट्यावर तोलून एखाद्या डबीच्या झाकणात खूण करून ठेवा. कोरडी पावडर टाकीत कधीच टाकू नका. तिचा गोळा तळाशी बसतो, तिथले पाणी उग्र होते आणि वरच्या पाण्यात क्लोरीन पोचतच नाही. वासाची तक्रार बहुतेक यातूनच येते. प्लास्टिकच्या बादलीत पावडर कालवा, पाणी वाढवा, १० मिनिटे निवळू द्या. टाकी भरत असताना वरची निवळी ओता, खालचा चुना फेकून द्या. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळून घ्या, नाहीतर क्लोरीन मातीतच खर्ची पडतो.

अर्ध्या तासाने ओटी टेस्ट करा (ऑर्थोटोलिडिन औषधाचे थेंब टाकून पाण्यात क्लोरीन उरला आहे का ते बघणे; पिवळा रंग आला तर पॉझिटिव्ह, म्हणजे क्लोरीन आहे), तीही टाकीपासून सर्वांत लांबच्या नळाला. नळ मिनिटभर सोडून नमुना घ्या, थेंब टाकल्याबरोबर रंग बघा. उशिरा चढलेला पिवळा रंग धरू नका. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा. सध्या साथ आहे तोवर ०.५ ठेवा. ग्रामपंचायतीच्या नळालाच ओटी निगेटिव्ह असेल तर जलसुरक्षकाला (गावाच्या पाण्याची शुद्धता बघणाऱ्या माणसाला) कळवा. तिथे पॉझिटिव्ह आणि वर्गाजवळच्या नळाला निगेटिव्ह, तर दोष तुमच्या टाकीत किंवा पाइपात आहे. तपासलेले पाणी ओतून द्या. ते औषध विषारी असते, मुलांच्या हाती देऊ नका.

बालरोग :
शाळा बंद करून फारसे काही साधत नाही. ‘ए’ काविळीचा विषाणू डोळे पिवळे होण्याच्या एक-दोन आठवडे आधीपासूनच शौचातून बाहेर पडतो, आणि लागण झाल्यापासून आजार दिसायला १५ ते ५० दिवस लागतात. लहान मुलांत तर कित्येकदा कावीळ दिसतही नाही. म्हणून पिवळे मूल घरी पाठवले की काम झाले, असे समजू नका. डोळे पिवळे झाल्यापासून एक आठवडा त्याला घरी ठेवा. नंतर ताप-उलट्या नसतील, नीट जेवत असेल तर येऊ द्या. रंग पूर्ण जाईपर्यंत अडवू नका. गुंगी, असंबद्ध बोलणे, थांबत नसलेल्या उलट्या किंवा रक्तस्राव दिसला तर लगेच रुग्णालयात न्या. काविळीचे झाडपाल्याचे औषध देऊ नका, यकृतावर आणखी भार पडतो. आशाताईंना आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला आजच कळवा, म्हणजे पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत जातील.

पोषण_आहार :
पिंपात पेला बुडवणे आजपासून बंद. तोटीचे पिंप नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे ठेवा आणि वाढायला एकच माणूस नेमा. शौचालयाजवळ आणि जेवणाच्या जागी साबण हवाच; या विषाणूवर सॅनिटायझरचा भरवसा नाही. वड्या हरवतात म्हणून नायलॉनच्या जाळीत घालून नळाला बांधा. खिचडी शिजवणाऱ्या ताईंच्या घरी कोणाला कावीळ आहे का, तेही विचारा.

शाव्यस_सदस्य :
मनापासून आभार. व्हरांड्यात आरओ मशीनही आहे. त्याच्या पाण्याला ओटी निगेटिव्ह येते, मग ते पाणी वाईट का?

पाणीपुरवठा :
नाही. आतला कार्बन फिल्टर क्लोरीन काढून टाकतो, त्यामुळे तिथे ओटी निगेटिव्हच येणार. धोका पुढे आहे. ते पाणी उघड्या पिंपात साठवले आणि कोणी हात बुडवला, तर त्याला राखायला क्लोरीन उरलेला नसतो. आरओचे पाणी थेट तोटीवरच प्यायला द्या. आणि शौचालय धुताना टीसीएल व ॲसिड एकत्र करू देऊ नका, क्लोरीन वायू निघून श्वास कोंडतो.