वाचनालयासाठी ६१ इंची जुना रिअर प्रोजेक्शन टीव्ही घ्यावा का?

प्रश्न : खानापूरकर

सर्वांना नमस्कार. खानापूर तालुक्यातील आमच्या गावात तरुण मंडळाने चालवलेले एक लहान वाचनालय आहे. त्याचे सभागृह सुमारे ३० फूट लांब आणि १८ फूट रुंद असून पूर्वेकडच्या लांब भिंतीला दोन मोठ्या खिडक्या आहेत. आमच्या गावचे एक कुटुंब अमेरिकेतून परतल्यावर बेळगावात टिळकवाडीला राहते. येताना त्यांनी सामानासोबत आणलेला ६१ इंची रिअर प्रोजेक्शन (म्हणजे आतल्या दिव्याने पडद्याच्या मागून चित्र टाकणारा) टीव्ही वाचनालयाने नाममात्र रक्कम देऊन घेऊन जावा, असा निरोप त्यांनी पाठवला आहे. संच डीएलपी प्रकारचा (म्हणजे सूक्ष्म आरशांच्या चिपने चित्र बनवणारा), ७२० रेषांचा, आणि मागच्या पट्टीवर २००६ हे साल आहे.

क्रिकेटचे सामने, गणेशोत्सवातली व्याख्याने आणि शाळकरी मुलांना लॅपटॉपवरून दाखवायचे पाठ, असा आमचा उपयोग आहे. मुले पुढे सतरंजीवर बसतात आणि ज्येष्ठ मंडळी मागे खुर्च्यांवर. वाहिन्यांसाठी डीडी फ्री डिशचा बॉक्स आहे. पावसाळ्यात आमच्याकडे वीज वारंवार जाते हेही सांगायला हवे. कार्यकारिणीतील ज्येष्ठांना एवढा मोठा पडदा जवळजवळ फुकट मिळतो आहे तर सोडू नये असे वाटते, तर तरुणांचे म्हणणे असे की वर्गणी काढून नवा ५५ इंची एलईडी घ्यावा. चित्राचा दर्जा आणि पुढचा खर्च यांचा विचार करून जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : शहापूरचा दुरुस्तीवाला

मी बेळगावात बरीच वर्षे टीव्ही दुरुस्तीचे काम केले आहे आणि या जातीचे संच उघडून पाहिले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

संच अमेरिकेतला आहे ही गोष्ट मला त्याच्या वयापेक्षाही महत्त्वाची वाटते. तिकडची वीज १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची, आपली २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झची. व्होल्टेजचा प्रश्न स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मरने सुटतो. असा संच साधारण २०० वॉट घेतो, म्हणून ५०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर पुरेल. खरी अडचण चित्राच्या संकेताची आहे. आपल्याकडचे सेट-टॉप बॉक्स सेकंदाला ५० या हिशोबाने चित्र पाठवतात आणि अमेरिकेत विकले गेलेले पुष्कळ संच फक्त ६० चाच संकेत स्वीकारतात. अशा संचाला आपला बॉक्स जोडला की पडदा काळा राहतो किंवा संकेत चालत नसल्याची सूचना येते. लॅपटॉप ६० वर चालतो, त्यामुळे तो बहुधा दिसेल. म्हणून टिळकवाडीला जाताना वाचनालयाचाच बॉक्स सोबत न्यावा आणि तो तेथे जोडून पाहिल्याशिवाय होकार देऊ नये.

दुसरी गोष्ट दिव्याची. या संचाच्या आत अतिउच्च दाबाचा पाऱ्याचा दिवा असतो. त्याचा प्रकाश फिरत्या रंगचक्रातून लाखो सूक्ष्म आरशांच्या चिपवर पडतो आणि तेथून भिंगातून व मोठ्या आरशावरून पडद्याच्या मागच्या बाजूवर येतो. ७२० रेषांच्या चिपवर असे सुमारे ९ लाख आरसे असतात. दिव्याचे आयुष्य काही हजार तासांचे सांगितले जाते, परंतु त्याचा अर्थ तितक्या तासांनी प्रकाश निम्म्यावर येतो असा घ्यायचा. तो तेव्हा अचानक विझतोच असे नाही. चित्र हळूहळू मंद आणि पिवळट होत जाते आणि रोज पाहणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. बऱ्याच संचांत सर्व्हिस मेनूमध्ये, म्हणजे दुरुस्तीवाल्यांसाठीच्या मेनूमध्ये, दिव्याचे झालेले तास दिसतात, तो आकडा अवश्य पाहावा. रिअर प्रोजेक्शन संच बनवणाऱ्यांपैकी सोनीने २००७ च्या अखेरीस माघार जाहीर केली आणि शेवटपर्यंत टिकलेल्या मित्सुबिशीने डिसेंबर २०१२ मध्ये हे उत्पादन बंद करत असल्याचे सांगितले. म्हणजे दिवा आता गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात विचारून मिळणारी वस्तू राहिलेली नाही. तो मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन शोधावा लागतो आणि तेथे दिव्याच्या जुन्या चौकटीत हलक्या दर्जाचा बल्ब बसवून विकलेला माल पुष्कळ असतो.

आता विजेचे. हा दिवा विलक्षण तापतो, म्हणून संच बंद केल्यावरही आतला पंखा काही वेळ फिरत राहतो आणि मगच थांबतो. वीज एकाएकी गेली तर पंखाही त्याच क्षणी थांबतो आणि सगळी उष्णता दिव्याच्या काचेत आणि चिपच्या आसपास कोंडते. शिवाय दिवा थंड झाल्याखेरीज पुन्हा पेटत नाही, त्यामुळे वीज लगेच आली तरी प्रेक्षकांना थांबावेच लागते. खानापूरकडच्या पावसात हे किती वेळा होईल याचा अंदाज आपल्याला माझ्यापेक्षा अधिक आहे. संच घेतलाच तर त्याला स्वतंत्र यूपीएस लागेल, आणि तो खर्च ‘जवळजवळ फुकट’ या शब्दांत धरलेला नाही.

जाऊन पाहाल तेव्हा आधी पूर्ण काळे आणि मग पूर्ण पांढरे चित्र लावावे. काळ्यावर पांढरे ठिपके दिसले तर चिपवरचे आरसे अडकू लागले आहेत असे समजावे. एकदा सुरुवात झाली की ते वाढत जातात आणि चिप बदलणे परवडत नाही. रंगचक्राची बेअरिंग झिजली असेल तर सुरू करताना बारीक, कर्कश आवाज येतो. त्यासाठी टीव्हीचा आवाज बंद करून मागच्या बाजूला कान द्यावा.

उत्तर : निपाणीकर

वरील माहिती उत्तमच आहे. मी चित्राच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण या संचांचा दर्जा सरसकट वाईट समजला जातो आणि ते मला मान्य नाही. आमच्या घरी तीन चित्रनळ्यांचा जुना प्रोजेक्शन टीव्ही पुष्कळ वर्षे होता. लाल, हिरवी आणि निळी अशा तीन नळ्यांची चित्रे पडद्यावर एकमेकांत मिसळायची. ती नीट जुळवलेली असली की अंधाऱ्या खोलीत त्याचा काळा रंग खरोखर काळा दिसायचा, आणि तसा काळा त्यानंतरच्या कितीतरी स्वस्त एलसीडींमध्ये मला दिसला नाही. मात्र संचाची दिशा बदलली तरी पृथ्वीच्या चुंबकत्वामुळे जुळणी हलायची आणि अक्षरांना लाल-निळ्या कडा दिसू लागायच्या. शिवाय वाहिनीचे चिन्ह किंवा धावफलकाची पट्टी तासन्‌तास एकाच जागी राहिली तर तिचा डाग कायमचा उमटायचा. डीएलपीमध्ये हे दोन्ही दोष नाहीत. काही जणांना, विशेषतः नजर झटकन फिरवली की, पांढऱ्या अक्षरांच्या कडेला इंद्रधनुष्यासारखी चमक दिसते, पण सर्वांना ती जाणवत नाही.

आपल्या सभागृहासाठी मला खरी चिंता पडद्याच्या बांधणीची वाटते. या पडद्यात मागे फ्रेनेल भिंग (प्रकाश पाहणाऱ्याकडे वळवणारे सपाट भिंग) आणि पुढे बारीक उभ्या रेघांचा थर असतो. त्यामुळे प्रकाश डावीकडे-उजवीकडे बऱ्यापैकी पसरतो, पण वर-खाली फारच थोडा. सोफ्यावर एका उंचीवर बसलेल्या चार जणांसाठी हा पडदा केलेला आहे. आपल्याकडे सतरंजीवरच्या मुलाचे डोळे जमिनीपासून सुमारे अडीच फुटांवर असतील आणि खुर्चीवरच्या आजोबांचे चार फुटांवर. मुले पडद्याच्या जवळ असल्यामुळे त्यांचा कोन आणखी तिरपा होतो. पडदा आजोबांच्या उंचीला धरला तर पुढच्या मुलांना वरचा भाग काळपट दिसेल, आणि दाराशी उभे राहून पाहणाऱ्यांचे तर विचारूच नका. टिळकवाडीला गेल्यावर पाहणाऱ्याने सोफ्यावरून न पाहता आधी जमिनीवर मांडी घालून, मग उभे राहून आणि मग भिंतीकडेला जाऊन पाहावे.

खानापूरकर

आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. रविवारी आम्ही तिघे जण बॉक्स आणि लॅपटॉप घेऊन जाऊन आलो. फ्री डिशचा बॉक्स एचडीएमआयने जोडला तेव्हा संकेत चालत नसल्याची सूचना आली. पिवळ्या पिनेच्या साध्या जोडणीवर चित्र आले, पण ते कृष्णधवल होते आणि सावकाश वर सरकत होते. लॅपटॉप मात्र लगेच दिसला आणि खिडक्यांचे पडदे ओढल्यावर रंग खरोखर छान होते. पूर्ण काळ्या चित्रावर आम्ही नऊ पांढरे ठिपके मोजले. आमच्यातील एकाने खाली मांडी घातली तेव्हा पडद्याचा वरचा एक तृतीयांश भाग मंद झाल्याचे त्याने सांगितले. लॅपटॉपच्या चित्राच्या चारही कडा कापल्या जात होत्या आणि खालची पट्टी दिसतच नव्हती. संचाच्या मालकांनी सर्व प्रयोग आनंदाने करू दिले, हे येथे नमूद करतो.

आता प्रश्न असा आहे, की केवळ लॅपटॉपवरच्या पाठांसाठी तरी हा संच ठेवावा का, आणि ठेवू नये तर ५५ इंच पुरतील का? ज्येष्ठांचा आक्षेप हाच आहे की ६१ सोडून ५५ घेणे म्हणजे मागच्या रांगेवर अन्याय.

उत्तर : शहापूरचा दुरुस्तीवाला

ठेवू नये. ठिपके सुरू झालेले आहेत. कडा कापल्या जाणे हा या संचांचा स्वभावच आहे; पडद्याची चौकट चित्राच्या कडा थोड्या झाकेल अशीच ती रचना असते. चलचित्रात ते खपते, गणिताच्या पाठात शेवटची ओळ गेली तर पाठच गेला. आणि वाहिन्या चालवायच्या तर ५० चा संकेत ६० वर नेणारे वेगळे उपकरण घ्यावे लागेल. ट्रान्सफॉर्मर, यूपीएस, दिवा आणि हे उपकरण यांची बेरीज केली की नव्या टीव्हीच्या किमतीचा मोठा हिस्सा त्यातच जातो.

संच पुढे भंगारात जाणार असेल तर आतला दिवा आधी काढून घ्यायला मालकांना सांगावे. त्यात पारा असतो आणि तो फुटू देऊ नये.

उत्तर : चिकोडीची शिक्षिका

मागच्या रांगेविषयीचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण वर्गात मी रोज तोच सोडवत असते. चित्र दाखवताना इंचांची कर्णरेषा न पाहता पडद्याची उंची पाहावी. दृक्‌श्राव्य साधने बसवणाऱ्यांचा जुना आडाखा असा आहे, की फळ्यासारखा मजकूर वाचायचा असेल तर शेवटचा प्रेक्षक पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा दूर नसावा आणि नुसते चलचित्र पाहायचे असेल तर आठपटीपर्यंत चालते. रुंद पडद्याच्या ५५ इंची टीव्हीची उंची सुमारे २७ इंच भरते, म्हणजे वाचण्यासाठी साडेतेरा फूट आणि सामन्यासाठी १८ फूट. ६१ इंचाची उंची सुमारे ३० इंच, म्हणजे १५ आणि २० फूट. ज्या फरकावरून कार्यकारिणीत दोन मते झाली आहेत तो दीड-दोन फुटांचा, म्हणजे एका रांगेपुरताही नाही. आपले सभागृह ३० फूट लांब आहे, त्यामुळे अगदी मागच्या भिंतीशी बसलेल्यांना दोन्ही संच अपुरेच पडतील. ६५ इंच घेतले तर १६ आणि २१ फूट मिळतात, ७५ इंचाला साधारण १८ आणि साडेचोवीस.

मी ६५ किंवा जमल्यास ७५ इंच सुचवेन. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हींवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे वर्गणीचा जुना अंदाज पुन्हा एकदा मांडून पाहावा. फोर-के आहे की नाही याची फार चिंता करू नये. ५५ इंचाच्या पडद्यावर साध्या फुल एचडीपेक्षा बारीक तपशील ७ फुटांच्या आतूनच ओळखू येतात आणि आपली पहिली रांगही बहुधा त्याच्या मागे असेल. फ्री डिशच्या बहुतेक वाहिन्या साध्या दर्जाच्या असल्यामुळे फार जवळ बसून त्या चांगल्या दिसणारही नाहीत. दुकानात विचारायचे ते हे, की टीव्हीचे पॅनेल, म्हणजे चित्र दाखवणारा थर, आयपीएस जातीचे आहे का. आयपीएस आणि व्हीए हे एलईडी टीव्हीच्या पॅनेलचे दोन मुख्य प्रकार आहेत. व्हीए पॅनेलचा काळा रंग जास्त गडद असतो, पण बाजूने पाहिले की रंग फिके पडतात. आपल्याकडे १८ फूट रुंदीत माणसे पसरून बसणार, म्हणून येथे आयपीएसचा फायदा अधिक आहे. लेझरचा १०० इंची प्रोजेक्टर मागच्या भिंतीपर्यंत पोहोचेल हे खरे, पण त्याला प्रकाश रोखणारा खास पडदा लागतो, किंमत लाखांत जाते आणि दिवसा त्या दोन खिडक्या त्याला सुखाने चालू देणार नाहीत.

उत्तर : निपाणीकर

बाईंच्या हिशोबाशी मी सहमत आहे. जागेविषयी एवढेच सांगतो, की टीव्ही पश्चिमेच्या भिंतीवर नको, कारण सकाळचे ऊन खिडक्यांतून थेट त्याच्यावर येईल; आणि खिडक्यांच्या मध्ये तर मुळीच नको, कारण डोळे दिपतील. उत्तर किंवा दक्षिणेची अरुंद भिंत घ्यावी म्हणजे खिडक्या बाजूला राहतील. पडदा किंचित खाली झुकवता येईल अशी चौकट भिंतीला बसवावी, आणि खालची कड जमिनीपासून साधारण साडेतीन-चार फुटांवर ठेवावी म्हणजे पुढच्यांची डोकी मागच्यांच्या आड येणार नाहीत.

खानापूरकर

कार्यकारिणीने काल ६५ इंची एलईडी घेण्याचे एकमताने ठरवले. दक्षिणेच्या भिंतीचे माप घेतले आहे. दुकानात जाताना फ्री डिशचा बॉक्स सोबत नेऊन त्यावरच चित्र पाहणार आहोत आणि आमच्यातील दोघे जण बाजूला उभे राहून रंग तपासतील.