शब्दचर्चा: मालवाहतुकीच्या सॉफ्टवेअरमधले टेंडर, लेन, टेअर आणि डिटेन्शन

भाषांतरी:
मालवाहतूक व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरचे, म्हणजे टीएमएसचे, पडदे (स्क्रीन) मराठीत आणायचे आहेत. आतापर्यंतची यादी अशी: टेंडर – निविदा, लेन – मार्गिका, रेटिंग – मानांकन, डॉक – गोदी, टेअर वेट – बारदान, डिटेन्शन आणि डेमरेज – दोन्हीला विलंब शुल्क, पीओडी – वितरणाचा पुरावा, बिल ऑफ लेडिंग – बिल्टी. यातले काय टिकेल?

डिस्पॅच टेबल:
पहिले तीन लगेच काढा. ‘निविदा’ने सर्वांत जास्त घोळ होईल. निविदा म्हणजे भाव मागवणे. टीएमएसमध्ये लोड, म्हणजे एका खेपेचा माल, टेंडर होतो तेव्हा भाव बहुधा करारात ठरलेला असतो. प्रश्न एवढाच असतो की हा लोड, या तारखेला, या भावात, उचलता का? वर्षाचे भाव मागवण्याचा भाग त्याच सॉफ्टवेअरमध्ये वेगळा असतो आणि ‘निविदा’ हा शब्द तिथे शोभतो. दोन्हीकडे एकच शब्द ठेवलात तर खरेदी विभागाचा माणूस डिस्पॅचच्या, म्हणजे गाड्या सोडण्याच्या, पडद्यावर जाऊन बसेल.

मी ‘लोड विचारणा’ म्हणेन. तिच्या पुढच्या अवस्थाही नीट वेगळ्या ठेवा. विचारणा क्रमाने जाते. पहिल्या वाहतूकदाराला समजा 60 मिनिटे दिली, तेवढ्यात उत्तर आले नाही की दुसऱ्याला. म्हणून ‘नकार’ आणि ‘मुदत संपली’ या दोन वेगळ्या नोंदी आहेत. स्वीकाराची टक्केवारी काढताना आणि पुढच्या कराराला बसताना हा फरक लागतो. नकार देणाऱ्याकडे बहुधा गाडी नव्हती. मुदत घालवणाऱ्याने कदाचित संदेश पाहिलाच नसेल.

ईडीआयवाले:
वरच्याला जोडून. ईडीआय म्हणजे कंपन्यांच्या संगणकांमधली ठरलेल्या साच्यातल्या संदेशांची देवाणघेवाण. तिच्या एक्स12 पद्धतीत लोडची विचारणा 204 क्रमांकाच्या संदेशाने जाते, होकार-नकार 990 ने येतो, वाटेतली स्थिती 214 ने आणि वाहतूकदाराचे बिल 210 ने. या सगळ्यांत 997 नावाचा एक साधा संदेश असतो. त्याचा अर्थ ‘तुमचा संदेश मिळाला आणि त्याची रचना वाचता आली’, एवढाच. इंग्रजी पडद्यावर त्याला ‘ॲक्नॉलेज्ड’ लिहितात आणि भाषांतरात त्याचे हटकून ‘स्वीकारले’ होते. मग हिरवी खूण पाहून डिस्पॅचवाला निश्चिंत, आणि पहाटे दारात गाडी नाही. 997 ला ‘संदेश पोचला’ लिहा. ‘लोड स्वीकारला’ हे शब्द 990 मधल्या होकारासाठी राखून ठेवा. लोड रद्द करायचा असला तरी संदेश 204 च जातो, फक्त आतला हेतूचा कोड बदलतो: 00 नवा, 01 रद्द. त्यामुळे इतिहासाच्या यादीत नुसते ‘विचारणा पाठवली’ असे दोनदा दिसू देऊ नका.

भाषांतरी:
हे लक्षात आले. पण लेनला मार्गिका का नको? शब्द रूढ आहे.

डिस्पॅच टेबल:
रूढ आहे, पण रस्त्यावरच्या पट्ट्यासाठी. टीएमएसमधली लेन म्हणजे ‘कुठून – कुठे’ ही जोडी, तीही दिशेसह. अ ते ब आणि ब ते अ या दोन लेन. अंतर तेच, दर वेगळे, कारण एका बाजूने माल भरपूर आणि दुसऱ्या बाजूने गाड्या रिकाम्या परततात. रूट म्हणजे प्रत्यक्ष रस्ता आणि थांब्यांचा क्रम. एका लेनवर तीन रूट असू शकतात, दर मात्र लेनचा. रूटला ‘मार्ग’ द्या, लेनला ‘लेन’ राहू द्या. मराठीच हवे तर ‘स्थळजोडी’, पण ते कोणी बोलणार नाही.

रेटिंग म्हणजे इथे भाडे काढणे. ‘भाडे-आकारणी’ लिहा. मानांकन लिहिलेत तर लोक तारे शोधतील. आणि गोदामाच्या डॉकला गोदी म्हणू नका हो, तिथे जहाज लागत नाही! ‘चढ-उतार दार’ म्हणा, क्रमांकासह: दार 4, दार 5.

कोशप्रेमी:
बारदानाबद्दल थोडे बोलू द्या. शब्द सुरेख आहे, पण बारदान म्हणजे पोते, खोके, आवेष्टन. निव्वळ वजन अधिक बारदान म्हणजे ढोबळ वजन, हे मालापुरते बरोबर. टेअर मात्र ज्यात माल भरला त्या रिकाम्या वस्तूचे वजन. ती वस्तू पोते असेल, कंटेनर असेल किंवा आख्खी गाडी. कशाचे रिकामे वजन, हे शब्दात आले पाहिजे.

वजनकाटा:
अगदी. समुद्रमार्गे जाणाऱ्या भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले ढोबळ वजन, म्हणजे व्हीजीएम, 1 जुलै 2016 पासून सोलास या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी बंधनकारक आहे. ते दोन रीतींनी काढता येते. एक, भरून बंद केलेला कंटेनर काट्यावर घालायचा. दोन, एकेक वजन मिळवायचे. दुसऱ्या रीतीचे उदाहरण घ्या: माल 18,000 किलो, पॅकिंग 600, माल हलू नये म्हणून लावलेली लाकडे आणि पट्टे 150, रिकामा कंटेनर 2,250. बेरीज 21,000. आता चौथ्या रकान्यावर ‘बारदान’ लिहिले असेल तर भरणारा तिथे पुन्हा 600 टाकतो. बेरीज 19,350 येते, म्हणजे 1,650 किलोंची खोट. जहाजावर कोणता कंटेनर कोणत्या थरात ठेवायचा हे याच आकड्यावर ठरते, म्हणून हा रकाना हलक्याने घेऊ नका. ‘रिकाम्या कंटेनरचे वजन’ असे लांबलचक पण स्वच्छ लिहा. आकडा कंटेनरच्या दारावरच छापलेला असतो.

आकारणीचे वजन हे आणखी वेगळे. खोके 80 × 60 × 50 सेंमी, काट्यावर 22 किलो. हवाई मालाला घन सेंमीतले घनफळ साधारण 6,000 ने भागतात: 2,40,000 भागिले 6,000 म्हणजे 40 किलो. कुरिअरचा भाजक बहुधा 5,000, म्हणजे 48. भाडे 22 वर लागत नाही, मोठ्या आकड्यावर लागते. 40 किंवा 48 हे ‘घनफळी वजन’, आणि प्रत्यक्ष व घनफळी यांतले जे मोठे ते ‘आकारणी वजन’. दोन नावे, दोन रकाने. भाजकही करारानुसार बदलता यावा, तो प्रोग्राममध्ये पक्का बसवला की प्रत्येक बिलात फरक निघत राहतो.

बिलिंग:
डिटेन्शन-डेमरेज. कंटेनरच्या व्यवहारात ढोबळ नियम असा: कंटेनर टर्मिनलच्या आत मुदतीबाहेर पडून राहिला तर डेमरेज, गेटबाहेर नेल्यावर रिकामा परत द्यायला उशीर झाला तर डिटेन्शन. घड्याळे दोन. समजा आत 5 दिवस आणि बाहेर 7 दिवस मोफत. कंटेनर तिसऱ्या दिवशी बाहेर काढला आणि त्यानंतर 10 दिवसांनी परत दिला. डेमरेज शून्य, डिटेन्शन 3 दिवस. करारात दोन्ही मुदती एकत्र, 12 दिवस, असतील तर एकूण 13 वजा 12, आकार फक्त 1 दिवसाचा. ‘विलंब शुल्क’ या एकाच रकान्यात यातले काहीच दिसत नाही. बिल चुकीचे आले तरी धरता येत नाही.

त्यात शब्दही वाहनागणिक रंग बदलतात. ट्रकच्या बाबतीत डिटेन्शन म्हणजे चढ-उतार दारापाशी गाडी अडकून पडणे. बरेच करार पहिले दोन तास मोफत धरतात. रेल्वेत वॅगन अडकवली तर डेमरेज म्हणतात. आख्खे जहाज भाड्याने घेतले असेल तर ठरलेल्या वेळेपेक्षा चढ-उतार लांबला की डेमरेज, आणि लवकर उरकला तर उलट जहाजमालकच पैसे देतो, त्याला डिस्पॅच म्हणतात. (आपल्या रोजच्या डिस्पॅचशी त्याचा काही संबंध नाही. शब्दांची चैन आहे नुसती.) म्हणून मूळ शब्द देवनागरीत ठेवा आणि पुढे स्पष्टीकरण जोडा: ‘डेमरेज – टर्मिनलमध्ये’, ‘डिटेन्शन – कंटेनर परतावा’, ‘डिटेन्शन – गाडी थांबली’.

कोशप्रेमी:
पीओडीला मात्र ‘वितरणाचा पुरावा’ कशाला? ‘पोच’ हा घरचा शब्द हाताशी आहे.

बिलिंग:
शंभर टक्के. आणि मराठीत फरक किती सहज होतो पाहा. ‘माल पोचला’ ही गाडीची अवस्था, ‘पोच मिळाली’ ही कागदाची. बिल दुसरीवर निघते. बरेच जण दोन्हींना ‘डिलिव्हर्ड’ करून टाकतात आणि मग पोच नसलेली बिले परत येतात. सही करताना घेणाऱ्याने ‘2 खोकी कमी, 1 ओले’ असे लिहिले असेल तर ती ‘शेऱ्याची पोच’, नाहीतर ‘बिनशेऱ्याची’. शेऱ्याची पोच थेट बिलिंगला न जाता दाव्यांच्या रांगेत गेली पाहिजे. त्यासाठी साधा हो-नाहीचा रकाना पुरतो, फक्त तो सक्तीचा ठेवा. मोकळा सोडता आला तर मोकळाच राहतो.

भाषांतरी:
आणि बिल्टी?

कोशप्रेमी:
रस्त्याच्या मालाला चालेल. समुद्राच्या बिल ऑफ लेडिंगला नको. ते मालाची पावती आहे, वाहतूक कराराचा पुरावा आहे, आणि शिवाय मालकीचा कागदही. आदेशावर, म्हणजे ‘अमुक सांगेल त्याला माल द्या’ असे, काढलेले असेल तर पाठीमागे सही करून हस्तांतर होते, आणि मूळ प्रत दिल्याशिवाय माल सुटत नाही. वेबिलला, म्हणजे मालासोबतच्या साध्या वाहतूक-पावतीला, हा तिसरा गुण नाही, बिल्टीला सरसकट धरता येत नाही. तिथे ‘बिल ऑफ लेडिंग’ असेच लिहा.

कॅरियरसाठी ‘हुंडेकरी’ सुचवणार होतो. ठरल्या रकमेत माल पोचवायचा मक्ता घेणारा.

डिस्पॅच टेबल:
मोह आवरा. हुंडेकऱ्याची स्वतःची गाडी असेलच असे नाही, तो फॉरवर्डरच्या, म्हणजे दुसऱ्यांच्या वाहनांतून माल पोचवण्याची व्यवस्था करणाऱ्याच्या, जास्त जवळचा. कॅरियर म्हणजे प्रत्यक्ष वाहणारा: ‘वाहतूकदार’. ब्रोकर नुसती गाठ घालून देतो: ‘दलाल’. वाहतूकदाराच्या रकान्यात दलालाचे नाव पडले की विम्याची मुदत तपासणारा प्रोग्राम दलालाचा विमा तपासतो आणि गाडीचा विमा संपलेला असला तरी लोड सुटतो. दोन्ही रकाने एकाच पडद्यावर, एकाखाली एक द्या, आणि वाहतूकदाराचा रिकामा असेल तर गाडी सोडण्याचे बटण चालू होऊ देऊ नका.