मदत हवी आहे: थायलंडमध्ये शिकवते, ऑक्टोबरच्या सुट्टीत आई-बाबांना घेऊन लाओस-व्हिएतनाम जमेल का?

नमस्कार मंडळी, मी मूळची कोल्हापूरची, थायलंडमध्ये खोनकेनला सरकारी शाळेत सायन्स शिकवते. सध्या सुट्टीला घरी राजारामपुरीत आलेय, मे मध्ये परत जायचंय, आणि एकदा शाळा सुरू झाली की मान वर करायला मिळत नाही म्हणून ऑक्टोबरचं आत्ताच ठरवून टाकावं म्हणतेय.

तिकडं पहिलं सत्र मेच्या मध्यापासून साधारण 11 ऑक्टोबरपर्यंत असतं, दुसरं 1 नोव्हेंबरला सुरू होतं, मधे तीनेक आठवडे मोकळे. प्लॅन असा होता की आई-बाबांनी मुंबईहून बँकॉकला यायचं, तिथून माझ्याकडं, मग रस्त्यानं लाओसमधलं व्हिएन्तियान, लुआंग प्रबांग, पुढं बसनं व्हिएतनाममधलं हनोई, हा लाँग बे, खाली होई आन आणि परत. कागदावर लई भारी दिसत होतं. पण 2026 ला घटस्थापना नेमकी 11 ऑक्टोबरलाच आलीय आणि दसरा 20 ला. आईनं एका वाक्यात विषय संपवला, "नवरात्रात अंबाबाईला सोडून मी कुठं जायची नाही, दसऱ्याचं सोनं वाटलं की मग ने कुठं न्यायचं तिथं." बाबांना तारखांचं काही नाही, त्यांचा प्रश्न एकच, तिकडं मटण मिळतं का.

म्हणजे ते आले तरी 22 च्या पुढं, आणि मला 31 ला परत खोनकेनमध्ये पाहिजे. एवढ्यात दोन देश होतील का? की सगळं सोडून बँकॉक-पट्टाया दाखवून पाठवू? (पट्टाया नको वाटतंय, बाबांचे मित्र जाऊन आलेत आणि त्यांचे किस्से ऐकून आई आधीच डोळे वटारतेय.)

दुसरं म्हणजे माझा व्हिसा. मागच्या वेळी कॉन्ट्रॅक्टबरोबर तिथं राहायचं एक्स्टेन्शनपण संपलं, त्यामुळं आता नवीन नॉन-बी (नोकरीचा व्हिसा) काढून जातेय आणि मग तिथं वर्षाचं एक्स्टेन्शन होईल. मधेच देशाबाहेर जायची वेळ पहिल्यांदाच येतेय. शाळेत विचारलं तर "इमिग्रेशनला विचारा" एवढंच उत्तर. कुणी असं केलंय का? आणि आई पूर्ण शाकाहारी आहे, तिच्या खाण्याचं काय करायचं तेही सांगा.

इचलकरंजीकर:
ताई, आधी व्हिसाचं बघा, बाकी सगळं नंतर. मी तिकडं शिकवत होतो तेव्हा आमच्यातली एक फिलिपिनो मॅडम सुट्टीत अशीच मलेशियाला गेली आणि परत आली ती टुरिस्ट म्हणून, कारण री-एंट्री परमिट, म्हणजे बाहेर जाऊन त्याच व्हिसावर परत यायची परवानगी, काढलंच नव्हतं. ते नसताना बाहेर पडलात की एक्स्टेन्शन तिथंच रद्द होतं, मग नॉन-बी पहिल्यापासून आणि वर्क परमिटचंही लफडं. त्यासाठी टीएम 8 नावाचा फॉर्म, फोटो, पासपोर्टच्या झेरॉक्स, एका वेळेचे 1000 बाथ, मल्टिपल पाहिजे तर 3800. वर्षात तीन वेळा बाहेर जाणार असाल तर सिंगलच परवडतं, चौथी ट्रिप असेल तर मल्टिपल काढा. सुवर्णभूमी विमानतळावर काउंटर आहे, पण तुम्ही लाओसच्या सीमेवरच्या नोंगखाईनं रस्त्यानं जाणार तर खोनकेनच्या ऑफिसातून सुट्टीच्या आधीच करून ठेवा, शेवटच्या आठवड्यात सगळे मास्तर तिथंच लायनीत असतात. एक फायदापण आहे, परत आलात की दर 90 दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा जो रिपोर्ट असतो त्याची मोजणी नव्यानं सुरू होते.

हनोईतला सांगलीकर:
होई आन ऑक्टोबरात विसरा. मध्य व्हिएतनामला ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे पुराचा सीझन, होई आनच्या जुन्या गल्लीत बोटी फिरतात. आपल्याकडं जुलैत पंचगंगा पात्राबाहेर येते तसं समजा. याउलट उत्तरेत तेव्हा हवा मस्त, हनोई, निन्ह बिन्ह, हा लाँग आरामात होतं.

आणि लुआंग प्रबांग ते हनोई बस म्हणताय ती 24 तासांच्या वर जाते, डोंगरातला रस्ता, साठीच्या माणसांना त्यात बसवायचं म्हणजे शिक्षा आहे. विमान तासाभराचं.

माझं मत विचाराल तर आईंना नवरात्र करू द्या. तुमचे पहिले आठ-नऊ दिवस मोकळेच आहेत ना, तेव्हा एकटीनं व्हिएतनाम करून या, आणि ते आल्यावर फक्त लाओस. व्हिएतनामचा ई-व्हिसा 25 डॉलर, मल्टिपल 50, ऑगस्ट 2023 पासून 90 दिवसांपर्यंत मिळतो. फक्त सरकारी साईटवरच भरा, तशाच दिसणाऱ्या एजंटांच्या साईट ढिगानं आहेत आणि त्या दुप्पट-तिप्पट घेतात. नाव पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच टाका, आपल्याकडं सरनेमचा रकाना रिकामा आणि सगळं गिव्हन नेममध्ये कोंबलेलं असं लई जणांचं असतं, तिथंच गाडी अडते.

मी (धागाकर्ती):
हे डोक्यातच आलं नव्हतं! म्हणजे दोन वेळा बाहेर, दोन सिंगल री-एंट्री, 2000 बाथ. पण मधे येऊन पुन्हा ऑफिसला जावं लागणार, आणि डिसेंबरात मैत्रिणींचं मलेशियाचं चाललंय, बहुतेक मल्टिपलच काढीन.

लाओसबद्दल कुणी सांगा ना, आई-बाबांना झेपेल का?

शाहूपुरीची काकू:
अगं झेपतंय की, मी सासूबाईंना घेऊन गेलेले. त्यांना बँकॉकहून उदोन थानीपर्यंत विमानानं आण, तासाभराचं आहे. तिकीट काढताना एवढं बघ की दोन्ही विमानं एकाच विमानतळावरची आहेत, एक सुवर्णभूमी आणि एक डॉन म्युआंग असलं की म्हातारी माणसं बॅगा घेऊन शहरभर फिरतात. तू उदोनला जाऊन थांब. तिथून नोंगखाई जवळच, तिथल्या लाओसला जायच्या फ्रेंडशिप ब्रिजवर लाओसचा व्हिसा हातात मिळतो, डॉलर कोरे करकरीत ठेव, दुमडलेली नोट परत करतात. एक फोटोपण लागतो.

व्हिएन्तियानहून पुढं चिनी लोकांनी बांधलेली ट्रेन आहे, डिसेंबर 2021 ला सुरू झालेली, लुआंग प्रबांगला दोन तासांत नेऊन सोडते. आधी अख्खा दिवस बसमध्ये जायचा. स्टेशनं मात्र दोन्हीकडं गावाबाहेर आणि सामान तपासताना स्प्रेचे डबे काढून घेतात, माझा डास मारायचा स्प्रे आणि सासूबाईंचा गुडघ्याचा स्प्रे दोन्ही गेले, मलम ट्यूबमधलं ने.

खाण्याचं म्हणशील तर लाओसमध्ये भाजीतसुद्धा माशाचं पाणी घालतात, पाडेक म्हणतात त्याला, वास आल्याशिवाय राहत नाही. लुआंग प्रबांगच्या नाईट मार्केटात शाकाहारी थाळ्या मिळतात, इंडियन हॉटेलंपण आहेत. थायलंडमध्ये पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात "जे" (शुद्ध शाकाहारी) लिहिलेलं दुकान दिसलं की आईला बिनधास्त बसव. तरी छोटी किटली, मेतकूट आणि कांदा-लसूण चटणीचा डबा पाहिजेच, आणि चटणी चेक-इन बॅगेत दोन पिशव्यांत बांध, तेल सुटतं. लुआंग प्रबांगच्या फु सी टेकडीला तीनशेच्या वर पायऱ्या आहेत, बाबांच्या गुडघ्यांना विचारून ठरव. बीपी-शुगर असेल तर इन्शुरन्स घेताना खरं ते लिही.

आणि तारखा बघ, कोजागिरीच्या पौर्णिमेलाच तिकडं बौद्ध भिक्खूंचा पावसाळ्याचा वर्षावास संपतो, तेव्हा लुआंग प्रबांगला दिव्यांच्या मोठमोठ्या होड्या काढून मेकाँग नदीत सोडतात. 25-26 ला तिथं पोचाल असं बसव. राहायचं मात्र आत्तापासून बुक कर, नोंगखाईच्या बाजूलापण त्या रात्री नदीतून आगीचे गोळे निघतात म्हणून हजारो लोक येतात आणि खोली मिळत नाही.

मंगळवार पेठ:
काका, मटण मिळंल पण पांढरा रस्सा मिळणार नाही, मन घट्ट करा 😄

मी (धागाकर्ती):
काकू, तुमचा मेसेज आईला वाचून दाखवला, कोजागिरीचं ऐकून एकदम तयार झाली, म्हणाली दूध मिळतंय का तिथं आटवायला. थायलंडसाठी दोघांना व्हिसा लागणार नाही ना?

इचलकरंजीकर:
2024 च्या जुलैपासून आपल्याला 60 दिवस बिनव्हिसाचं केलं होतं, पण हे नियम मधेच बदलतात, तिकिटाच्या आधी एंबसीची साईट बघाच. डिजिटल अरायव्हल कार्ड मे 2025 पासून सगळ्यांना लागतं, पोचायच्या तीन दिवस आधीपासून भरता येतं, फुकट आहे. लाओसहून परत थायलंडमध्ये शिरताना पुन्हा भरायचं, तुमचंपण. आणि दोघांचे पासपोर्ट कधीपर्यंत आहेत? सहा महिने शिल्लक पाहिजेत.

मी (धागाकर्ती):
आत्ता कपाटातून काढून बघितले. आईचा 2031, बाबांचा मार्च 2027. ऑक्टोबरात पाचच महिने उरतात म्हणजे.

इचलकरंजीकर:
मग आधी काकांचा रिन्यूला टाका, तुम्ही मे मध्ये जायच्या आत अपॉइंटमेंट होऊन जाऊ दे. नवा नंबर हातात आल्याशिवाय त्यांचं कुठलंच बुकिंग करू नका, लाओसच्या ट्रेनचं तिकीटसुद्धा पासपोर्ट नंबरवरच निघतं.