रोमन 'गेन्स'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : ज्युलियस, कॉर्नेलियस, फाबियस, क्लॉडियस ही ज्यांची समान नावं, त्या रोमन गटाला लॅटिनमध्ये 'गेन्स' म्हणतात. मराठी लिखाणात कुठे 'गोत्र' दिसतं, कुठे 'घराणं'. योग्य काय?

उत्तर : 'गोत्र' नको. सगोत्र विवाह आपल्याकडे वर्ज्य मानला गेला. रोमन लोकांत तसं बंधन नव्हतं. कार्थेजचा सेनापती हॅनिबल याला हरवणाऱ्या स्किपिओ आफ्रिकानसने आपली एक मुलगी स्किपिओ नासिकाला दिली, आणि सासरा-जावई दोघंही कॉर्नेलियसच. 'घराणं' हा शब्द स्किपिओ, सुल्ला अशा शाखांसाठी राखून ठेवावा.

मी 'कुळ' लिहितो, ते मुख्यतः धर्मामुळे. प्रत्येक गेन्सचे स्वतःचे विधी असत आणि ते चुकवणं पाप समजलं जाई. त्यांना 'कुळाचार' म्हटलं की मराठी वाचकाला वेगळं काही समजावावं लागत नाही. रोमन इतिहासकार लिव्हीने सांगितलेली कथा पाहा. इ.स.पू. 390 च्या सुमारास गॉल टोळ्यांनी रोम घेतलं, उरलेले लोक कॅपिटोल टेकडीवर वेढ्यात अडकले. फाबियस कुळाचा ठरलेला बळी मात्र क्विरिनाल टेकडीवरच द्यायचा होता. गायस फाबियस डोर्सुओ पूजेचं साहित्य हातात घेऊन शत्रूच्या पहाऱ्यामधून चालत गेला, विधी उरकला आणि तसाच परत आला. कथेत दंतकथेचा भाग असेलही, पण कुळाचाराचं मोल रोमन मनात किती होतं हे तिच्यातून लख्ख दिसतं.

प्रश्न : मग कुलदैवतही होतं का?

उत्तर : होतं. ज्युलियस कुळाने रोमजवळच्या बोव्हिले गावी वेडिओविस देवाला अर्पण केलेली वेदी सापडली आहे. हे कुळ आपला वंश व्हीनसपासून सांगे. इ.स.पू. 46 मध्ये याच कुळातल्या ज्युलियस सीझरने आपल्या नव्या फोरममध्ये (सार्वजनिक चौकात) तिचं देऊळ उभारलं, म्हणजे कुळाची आई थेट शहराच्या मध्यभागी आली.

पुरवणी : 'दत्तक' हा शब्दही इथे निर्धास्त वापरावा. दत्तक जाणाऱ्याने जन्मकुळाचे विधी सोडून नव्या घरचे घ्यायचे, अशी रीत होती. ट्रिब्यून हे पद फक्त सामान्य वर्गातल्यांना मिळे; ते मिळावं म्हणून उच्च वर्गातला राजकारणी क्लोडियस इ.स.पू. 59 मध्ये स्वतःपेक्षा वयाने लहान माणसाला दत्तक गेला. दोन वर्षांनी त्याचा विरोधक, वक्ता सिसेरो याने धर्माधिकाऱ्यांपुढे नेमकं हेच काढलं : याने बापाकडचे विधी टाकले आणि दत्तक घरचे धरले नाहीत, तेव्हा हे दत्तविधानच खोटं.