जुन्या मशीनगनचे दोष काढत बसावे की गनच बदलावी?

पाषाणकर (चर्चाप्रस्ताव)

अमेरिकी सैन्याने १९५७ साली स्वीकारलेली एम६० ही मशीनगन व्हिएतनामच्या युद्धात जगाला ठाऊक झाली आणि तिचे दोषही तिथेच उघडे पडले. ते दोष सुधारण्याजोगे होते आणि वेळीच सुधारले असते तर तिला निरोप द्यावा लागला नसता, असे माझे ठाम मत आहे.

सर्वांत ढोबळ दोष बॅरलचा होता. सलग माऱ्याने बॅरल तापते, म्हणून ती काढून दुसरी चढवावी लागते. एम६०मध्ये बायपॉड (गन टेकवायचा दोन पायांचा आधार) आणि गॅस सिलिंडर (गोळीमागच्या वायूने यंत्रणा चालवणारी नळी) दोन्ही बॅरललाच जखडलेले होते. त्यामुळे प्रत्येक जादा बॅरलबरोबर तेही वाहावे लागत, आणि ऐन चकमकीत बॅरल काढली की गनचा आधारच निघून जाई. मग एकाने गन हातांवर तोलून धरायची आणि दुसऱ्याने अ‍ॅस्बेस्टॉसचा हातमोजा चढवून तापलेली बॅरल ओढायची, कारण तिला धरायला मूठच नव्हती. साफसफाईनंतर गॅसचा पिस्टन उलटा बसू शकत असे आणि तसा बसला की गन एक गोळी झाडून थांबे.

१९८०च्या दशकातल्या ई३ या सुधारित आवृत्तीत बायपॉड रिसीव्हरवर, म्हणजे गनच्या मुख्य सांगाड्यावर आला, बॅरलला मूठ आली. पण वजन घटवण्याच्या नादात बॅरल इतकी हलकी झाली की सलग माऱ्यात ती टिकेना. पुढच्या आवृत्त्यांत हेही निस्तरले गेले आणि २०१४ साली डेन्मार्कने एम६०ची ई६ आवृत्ती निवडली. आपल्या पुण्यातल्या पाषाणच्या एआरडीई या शस्त्र-संशोधन संस्थेत आराखडा झालेल्या इन्सास एलएमजी या हलक्या मशीनगनलाही हाच न्याय लावायला हवा होता. मॅगझिनवर चालणारी ती गन काडतुसांच्या पट्ट्यावर चालवण्यासाठी जिद्दीने पाठपुरावा करण्याऐवजी आपण मार्च २०२० मध्ये १६,४७९ इस्रायली निगेव्ह गनसाठी सुमारे ८८० कोटी रुपयांचा करार केला, याची मला मनापासून खंत वाटते.

खडकीकर

पाषाणकर साहेब, आपण दिलेली दोषांची यादी बरोबर आहे, पण जो दोष भारी पडला तोच तीत नाही. एम६०चा रिसीव्हर वापराने झिजून सैल पडे. बायपॉड इकडचा तिकडे करता येतो, पिस्टन बदलता येतो. सांगाडाच दमला असेल तर नवे भाग कशावर बसवणार? अमेरिकेने बेल्जियमची एफएन मॅग ही मशीनगन १९७७ पासून एम२४० या नावाने रणगाड्यांवर वापरली होती. ती क्वचितच अडकते हे अनुभवाने पटल्यावरच १९९०च्या दशकात पायदळाला एम२४०बी दिली गेली, तीही एम६०पेक्षा सुमारे दोन किलोने जड असताना. तीच मॅग आपल्याकडे कानपूरच्या कारखान्यात एमजी २ए१ म्हणून बनते.

इन्सासचे दुखणेही वरवरचे नव्हते. करारातली निगेव्ह एनजी-७ ही ७.६२ मिमी काडतुसाची आहे आणि इन्सास ५.५६ची. मोठे काडतूस पेलायचे तर बोल्ट, रिसीव्हर, बॅरल सारेच नव्याने आखावे लागते, आणि त्याला सुधारणा म्हणता येणार नाही. सीमेवरच्या जवानाने तोवर थांबायचे का?

माजी पायदळी

दोघांनीही ब्रेन गन विसरू नये. ब्र्नोच्या चेक आराखड्यावरून निघालेली आणि ब्रिटिश सैन्यात १९३८ साली आलेली ही .३०३ची गन आपण ७.६२वर आणली. वक्र मॅगझिन जाऊन जवळजवळ सरळ मॅगझिन आले, आणि एमजी १बी या नावाने तिने पुढे कित्येक दशके सेवा दिली. मी ती हाताळली आहे. तिची वाहून नेण्याची मूठ बॅरलवरच असते; कडी उचलायची, मूठ धरायची, बॅरल पुढे ओढायची. ना हातमोजा लागतो, ना बायपॉड सुटतो. १९३८च्या गनमध्ये जे होते ते १९५७च्या गनमध्ये नसावे, याला माझ्या लेखी क्षमा नाही. जर्मनांनीही एमजी ४२ ला ७.६२ नाटो काडतूस देऊन १९६८ साली एमजी३ उभी केली. या दोन्ही गनमध्ये काडतूस जुने झाले होते, आराखडा नव्हे. एम६०मध्ये मात्र आराखडाच सदोष होता, म्हणून मी खडकीकरांच्या बाजूचा आहे.

पाषाणकर

काडतुसाचा मुद्दा मान्य आहे. सांगाड्याचा मात्र नाही, कारण ई६ ज्या डॅनिश सैन्याने घेतली त्याने तिच्यासाठी एमजी ४२ च्याच घराण्यातली गन बाजूला ठेवली. शिवाय एम२४०बी पायदळाला जड झाली तेव्हा अमेरिकेने ती टाकून दिली नाही. टायटॅनियमचा रिसीव्हर देऊन सुमारे अडीच किलोने हलकी एम२४०एल केली. जो धीर मॅगच्या वाट्याला आला तो एम६०च्या वाट्याला तीस वर्षे आधी का येऊ नये?

खडकीकर

मॅगमध्ये फक्त वजनाची तक्रार होती. एम६०मध्ये वजन सोडून बाकी सगळ्यांची होती.