सांगलीच्या उन्हात सकाळी ११ ते संध्याकाळी ५, मोबाइल न देता चार मुलांना कशात गुंतवायचं?

गच्चीवाली:
मुलगी ११ वर्षांची, मुलगा ७. शिवाय १ मेपासून साताऱ्याहून नणंदेची दोन मुलं येतायत, ९ आणि १३ वर्षांची. विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, वर सामाईक गच्ची. सकाळी दहापर्यंत आणि साडेपाचनंतर पोरं खालीच असतात, तो प्रश्न नाही. मधल्या वेळेचं काय करायचं? ओरिगामी, रंगकाम, क्ले सगळं आणून झालं. प्रत्येक गोष्ट तासाभरात संपते आणि परत "आई, फोन". शिबिर नको, फार खर्चही नको. सगळ्यांना एकत्र करता येईल आणि दुसऱ्या दिवशीही पुरेल असं काही आहे का? सासूबाईंनाही खेळात घ्यायचंय, पण त्यांना खाली बसता येत नाही.

सोंगटी:
खेळ विकत आणू नका, पोरांनाच बनवू द्या. पहिले दोन दिवस त्यातच जातात.

पाच बाय पाच घरांचा पट करा, आपल्याकडे चल्लस-आठ म्हणतात तो. जाड पुठ्ठ्यावर ४० सेंमीचा चौकोन, प्रत्येक घर ८ सेंमीचं. पुठ्ठा टेबलावर ठेवला की सासूबाईंचा प्रश्न सुटला. चारही कडांचं मधलं घर आणि अगदी मधलं घर यांवर फुली मारा. फुलीच्या घरात सोंगटी मारता येत नाही.

फाशांऐवजी चिंचोके. एकसारख्या आकाराचे, चपटे चार निवडा. प्रत्येकाची एकच बाजू खरबरीत दगडावर किंवा शहाबादी फरशीवर घासायची, पांढरं दिसेपर्यंत. घरातल्या गुळगुळीत टाइल्सवर दिवसभर घासलं तरी काही होणार नाही, जिन्याची पायरी किंवा गच्चीचा कोबा बघा. लवकर झिजावेत म्हणून पाण्यात भिजत घालू नका, चिंचोका फुगतो आणि साल सुटते. घासलेला चिंचोका चांगलाच तापतो. तो दुसऱ्याच्या दंडाला लावायचा शोध पोरं पाच मिनिटांत लावतील, तेवढं लक्ष ठेवा.

चारही चिंचोके एकदम टाकायचे. जितके पांढरे वर, तितकी घरं. चारही पांढरे आले तर ४, चारही काळे आले तर ८. ४ किंवा ८ पडलं की पुन्हा डाव. प्रत्येकाच्या चार सोंगट्या (वेगवेगळ्या रंगाची बटणं चालतात), आपल्या कडेच्या फुलीवरून निघायचं. बाहेरची १६ घरं घड्याळाच्या उलट दिशेने, मग आतली ८ घरं घड्याळाच्या दिशेने, शेवटी मध्ये. एकूण २४ पावलं. समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत शिरायचं नाही. खेळाची सगळी मजा या अटीत आहे, ती काढू नका. भांडणं होतात ती नियमांवरून, कारण प्रत्येक घरचे थोडे वेगळे असतात. सासूबाई सांगतील ते पुठ्ठ्याच्या मागे आधीच लिहून घ्या.

मोठ्या दोघांना एक काम द्या: चिंचोके १६० वेळा टाकून नोंद करायची. चिंचोके सरळ असतील तर २ साधारण ६० वेळा, १ आणि ३ प्रत्येकी चाळीसच्या आसपास, ४ आणि ८ दहा-दहा वेळा पडायला हवेत. ८ फारच जास्त पडत असेल तर एका बाजूला जास्त घासलं गेलंय, चिंचोके बदला.

वाळवण:
गच्ची आहे तर साबुदाण्याच्या पापड्या घाला. काम तीन दिवस चालतं आणि पोरं स्वतःहून वर जाऊन बघून येतात.

२ वाट्या साबुदाणा धुऊन रात्री ४ वाट्या पाण्यात भिजवा. सकाळी ८ वाट्या पाणी उकळायला ठेवा, त्यात दीड चहाचा चमचा मीठ आणि एक चमचा जिरे. साबुदाणा घालून सतत ढवळत मंद आचेवर पारदर्शक होऊ द्या, १५-२० मिनिटं लागतात. हे मोठ्यांनी करायचं, शिजलेला साबुदाणा अंगावर उडाला तर चिकटून बसतो आणि जबर भाजतो. कोमट झाला की पोरांच्या हातात पळी द्यायची. सकाळी आठ-साडेआठपर्यंत गच्चीवर प्लास्टिक अंथरून चारही कोपऱ्यांवर विटा ठेवा, पळीने घालून पळीच्या पाठीने गोल फिरवा.

चुका बहुतेक तीनच होतात. मीठ चवीला बरोबर वाटलं की वाळल्यावर खारट लागतं, म्हणून ओल्यात जरा अळणीच ठेवा. जाड घातल्या तर मध्ये ओल राहते आणि तळताना मधोमध टणक लागतात. आणि अर्धवट वाळलेल्या ओढून काढल्या की फाटतात. कडा आपोआप सुटून वर वळल्या की मगच उलटायच्या, बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी. मोडल्यावर कट्कन आवाज आला तर डब्यात भरा, वाकली तर अजून एक ऊन.

मेमध्ये चारनंतर वळीव येतो. साडेतीनला आभाळ बघायची जबाबदारी ७ वर्षांच्याकडे द्या, तो ती फार गंभीरपणे घेईल.

गच्चीवाली:
दोन्ही पक्कं. चिंच फोडून ठेवायची आहेच, चिंचोके घरातच निघतील. पण १३ वर्षांच्या भाच्याला हे पोरकट वाटेल अशी भीती आहे.

ओळंबा:
त्याला शून्य सावली द्या. सांगलीत ७ मेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. वेळ १२ नाही, १२ वाजून २८ मिनिटं. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि सांगली ७४.६ अंशांवर, म्हणजे सूर्य इथे अर्ध्या तासाने उशिरा माथ्यावर येतो.

अर्धा इंची पीव्हीसी पाइपचा १ मीटरचा तुकडा वाळूच्या बादलीत उभा करा. बादली हलकी नको, वाऱ्याने पाइप कलतो. दोरीला नट बांधून ओळंबा करा आणि पाइप दोन बाजूंनी सरळ आहे का बघा. १ मीटर लांबी वाळूच्या पृष्ठभागापासून वर मोजायची, म्हणजे तुकडा वाळूत जाईल तेवढा जास्त लांब घ्या. बादलीची कड सावली अडवते म्हणून वाळू काठोकाठ भरा आणि वर पुठ्ठ्याची चकती बसवा, सावली चकतीवर घ्या. चकतीवर उत्तर दिशा आखून ठेवा आणि रोज चकती त्याच दिशेला धरा.

१ मेला दुपारी साडेबाराला सावली साधारण ३ सेंमी, उत्तरेकडे. रोज अर्धा सेंमीच्या आसपास कमी होत ७ मेला नाहीशी. नंतर ती दक्षिणेकडे वाढते, ३१ मेला जवळपास ९ सेंमी. सूर्य आपल्या उत्तरेला गेलेला असतो, ही गोष्ट पुस्तकात वाचून पटत नाही. वेळ पाळायला सांगा: पाच मिनिटं उशीर झाला तरी २ सेंमी सावली पूर्वेकडे सरकते आणि मुलं म्हणतात प्रयोग फसला. भर उन्हात पाच मिनिटंच, पायात चप्पल, डोक्याला टोपी, सूर्याकडे बघायचं नाही.

भाच्याच्या साताऱ्याची शून्य सावली तीन दिवस उशिरा, १० मेच्या सुमारास. ७ मेला त्याच वेळी साताऱ्यात घरच्या कुणीतरी तसाच मीटरभर पाइप धरला तर तिथे अजून दीड सेंमी सावली असेल. घरी आधीच सांगून ठेवायला लावा. दोन ठिकाणांची सावली मोजली की पृथ्वीचा परीघ कसा काढतात ते आकृतीने समजावता येतं. एवढ्या जवळच्या अंतरात आकडा मात्र बराच चुकतो, त्याची आशा दाखवू नका.

तंबोरा:
मिरज दहा किलोमीटरवर आहे म्हणून एक सकाळ तिकडे काढा. तिथल्या सतारी आणि तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सतारमेकर गल्लीत आधी विचारून दहाच्या आत जा, चार मुलं एकदम आत नेऊ नका, पॉलिशच्या वासाने डोकंही चढतं. तंबोऱ्याचा भोपळा हातात घेऊ द्या, किती हलका आहे ते बघून थक्क होतात. घोडीवर (तारा टेकतात ती पट्टी) तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी (तारेचा घुमारा) लावतात ते दाखवायची विनंती करा. दोरा केसभर हलला की तारेचा आवाज उघडतो.

घरी आल्यावर जलतरंग. चिनी मातीच्या सात वाट्या, लहानमोठ्या. पाणी वाढवलं की स्वर उतरतो. सगळ्या एकाच मापाच्या घेऊ नका, एका वाटीत नुसत्या पाण्याने दोन-तीन स्वरांपलीकडे जाता येत नाही. तडा गेलेली वाटी भद्द वाजते. खाली ओला पंचा घाला, बारीक बांबूच्या काडीने कडेवर हलकं वाजवायचं. पंख्याखाली रात्रभर ठेवलं तर पाणी उडून सकाळी सगळं किंचित चढलेलं असतं, पुन्हा लावावं लागतं.

गच्चीवाली:
पाइप आजच मिळाला, ४५ रुपये. बादलीत माती चालेल का, वाळू आसपास मिळत नाही.

ओळंबा:
चालेल, पण ओली करून ठोकून भरा आणि एक दिवस वाळू द्या. वाळताना माती आकसते, पाइप सैल होतो. कडेने खडी दाबून परत ओळंबा लावा.