मदत हवी आहे: बिहारहून आलेल्या मुलीचा मनपा शाळेत प्रवेश

नमस्कार मंडळी, आमच्या शेजारी नाशिकच्या अंबडला बिहारचं एक कुटुंब राहतं, वडील एमआयडीसीत कामाला. मुलगी ९ वर्षांची, गावी दुसरीपर्यंत शिकलीये पण टीसी आणला नाही आणि जन्मदाखला पण नाही. आधार आहे, त्यावर पत्ता गावचाच. भाडेकरार नाही, घरमालक देत नाही.

जवळच्या मनपा शाळेत दोनदा जाऊन आलो, टीसी आणा मग बघू एवढंच सांगतात. आरटीई २००९ (शिक्षण हक्क कायदा) मध्ये तर स्पष्ट आहे की वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, टीसीला उशीर झाला तरी नाही, आणि वयानुसार वर्गात बसवून वेगळं प्रशिक्षण द्यायचं. हे तोंडी सांगितलं, उपयोग झाला नाही. गावच्या शाळेत फोन केले, कोणी उचलत नाही. खाजगी शाळा परवडणारी नाही. पोरगी रोज दारात बसून इतरांची दप्तरं बघते, फार वाईट वाटतं हो.

हिंदी माध्यम चालेल, पण तिला मराठी शिकायचीये.

तर लेखी अर्ज मनपाच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनात शिक्षण विभागात नेमका कोणाकडे द्यायचा, आणि अंबड-सिडको भागात अशा मुलांना मराठी शिकवणारा वर्ग कुणाला माहितीये का?